पाठपोट : महाबळेश्वरच्या चित्रकार्डांच्या संग्रहाची प्रस्तावना

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं. आत चणे, चिक्की, सरबताच्या बाटल्या, वेताच्या काठ्या; आणि दाराशी तारेचा एक फिरता स्टँड. त्या स्टँडवर पोस्टकार्डं लावलेली असत. वेण्णा लेक, ऑर्थर सीट, विल्सन पॉइंटचा सूर्योदय, बॉम्बे पॉइंटचा सूर्यास्त, प्रतापगड. गिऱ्हाइकं स्टँड फिरवत, पाच-दहा कार्डं उपसून बघत आणि बहुतेक वेळा एखादंच घेत. बाकीची पुन्हा जागच्या जागी लावायचं काम माझं. मी सूर्योदय सूर्यास्ताच्या खणात खोचला की नाना, म्हणजे माझे वडील, रागवत नसत. "उलटून बघ, मागं लिहिलंय," एवढंच म्हणत.

दुकान आवरताना नाना एका लांबट वहीत त्या दिवशीची विक्री उतरवत. 'वेण्णा ४, सूर्यास्त ७, प्रतापगड ११.' नवा माल आला की वेगळं पान: कुठून आला, किती नग, काय भावानं, कोणतं चित्र नवं, कोणतं बंद झालं. मृग जवळ आला, दुकानांवर गवताच्या झडी चढू लागल्या, की स्टँड उतरवायचा, शिल्लक मोजायची आणि कार्डं वेखंडाच्या पुरचुंडीसह पत्र्याच्या डब्यात बंद करायची. ज्या गावात वर्षाला दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो, तिथं कागद टिकवणं हे सोपं काम नव्हे. आधी ओल येते, मग बुरशी, मग कसर.

नाना गेल्यावर तो डबा आणि त्या वह्या माझ्याकडे आल्या. कार्डं मी लगेच बघितली. वह्या मात्र बरीच वर्षं तशाच बांधून ठेवल्या. तेव्हा मला वाटायचं, संग्रह म्हणजे चित्रं. आज माझी समजूत पुरती बदलली आहे. संग्रह चित्रांमुळे सुरू होतो, पण तो उभा राहतो नोंदीवर. या पुस्तकात प्रत्येक कार्डाची पुढची आणि मागची, दोन्ही बाजू छापल्या आहेत. पुस्तकाचं नाव 'पाठपोट' ठेवलं ते त्यामुळेच.

या छोट्या कागदाचा इतिहास थोडक्यात सांगतो. साधं पोस्टकार्ड पहिल्यांदा निघालं ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. हिंदुस्थानात ते आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला. पाव आणा म्हणजे एक पैसा, आणि एका पैशात मुलखाच्या दुसऱ्या टोकाला खुशाली कळत होती. चित्राचं कार्ड थोडं नंतरचं. एकोणिसावं शतक संपता संपता त्याची लाट जगभर उठली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. आरंभी कार्डाची मागची अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असे. चार शब्द लिहायचे तर चित्राच्या कडेला, आभाळात नाहीतर पाण्यावर. १९०२ मध्ये ब्रिटनच्या टपालखात्यानं मागच्या बाजूला मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी वाटणी मान्य केली. पुढच्या काही वर्षांत बाकीच्या देशांनीही ती उचलली. त्यामुळे चित्राच्या आभाळात शाईनं लिहिलेलं कार्ड हाती आलं, की ते त्या वाटणीच्या आधीचं असावं असा पहिला अंदाज बांधता येतो.

महाबळेश्वर अशा कार्डांसाठी जणू तयारच होतं. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथं ठाणं वसवायचं ठरवलं. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन खंडाळ्याच्या बदल्यात ही जागा इंग्रजांकडे गेली. माल्कमपेठ वसली, १८४२ मध्ये वेण्णा तलाव झाला, १८६४ मध्ये फ्रियर हॉल उभा राहिला. मुंबई सरकार उन्हाळ्यात इथं मुक्काम करी. त्याच्या मागोमाग संस्थानिक, पारशी आणि गुजराती शेटजी, वकील, डॉक्टर येत. रेल्वेनं वाठारपर्यंत यायचं, तिथून टांग्यानं वाई, मग पसरणीचा घाट. एवढा खटाटोप करून वर आलेला माणूस घरी कळवणार नाही तर काय करील? कळवायला बातमी, पाठवायला चित्र आणि पेठेत टपालकचेरी, तिन्ही गोष्टी इथं एकाच ठिकाणी होत्या.

कार्डं छापली कशी जात, हे भिंगाखाली स्वच्छ दिसतं. संग्रहातलं सतरावं कार्ड घ्या. पेठेचा रस्ता, दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची घरं, मधे उभा टांगा. नुसत्या डोळ्यांना ते रंगीत छायाचित्र वाटतं. दहापट मोठं करणारं भिंग लावलं, की घरांच्या भिंती काळ्या ठिपक्यांच्या जाळीत विरघळतात. हा हाफटोन ब्लॉक. पण रंग ठिपक्यांचे नाहीत; ते वर सपाट पसरले आहेत आणि टांग्याच्या चाकापाशी किंचित सरकले आहेत. म्हणजे छायाचित्र एका रंगात छापलं आणि बाकीचे रंग नंतर वेगळे चढवले. त्यातला एक रंग मला प्रत्येक वेळी थांबवतो. रस्ता फिकट पिवळा आहे. आमच्या गावची माती जांभ्याची, लालभडक. पावसाळ्यात धोतराला लागली की जन्मात निघत नाही. ज्यानं तो रस्ता पिवळा केला, त्यानं ही माती पाहिली नव्हती. त्या काळी हिंदुस्थानातली कितीतरी चित्रकार्डं जर्मनीत छापून येत. इथून काळंपांढरं छायाचित्र जायचं आणि तिकडे कारागीर आपल्या अंदाजानं रंग भरायचा. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि ही वाट बंद झाली.

ज्या कार्डांत भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, ती खरी छायाचित्रं: अंधाऱ्या खोलीत, थेट पोस्टकार्डाच्या आकाराच्या संवेदनशील कागदावर उतरवलेली. त्यांच्या खालच्या कोपऱ्यात बहुधा पांढऱ्या अक्षरांत जागेचं नाव असतं. छायाचित्रकार निगेटिव्हवर काळ्या शाईनं उलटी अक्षरं लिही आणि कागदावर ती सुलटी, पांढरी उमटत. अक्षराच्या वळणावरून एकाच हाताची कार्डं ओळखता येतात. संग्रहातली नऊ कार्डं मी अशी एका हाताखाली आणली आहेत. तो हात कोणाचा हे कार्डांवर लिहिलेलं नाही, म्हणून पुस्तकातही मी त्याला नाव दिलेलं नाही.

दगडावरून छापलेली कार्डं वेगळीच. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि रंग एकमेकांवर अचूक बसावे लागतात. ही कला महाराष्ट्राला परकी नव्हती. पुण्याला चित्रशाळेनं १८७८ पासून देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं छापून घराघरांत पोचवली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या यंत्रांवर दादासाहेब फाळके यांनी काम केलं. त्याच छापखान्यात आलेल्या पॉल गेरहार्ट या जर्मन शिळाछापकारानं मुंबईची सुरुवातीची चित्रकार्डं काढली. कोल्हापूरच्या म. वि. धुरंधरांनीही मुंबईतल्या माणसांची खुसखुशीत कार्डं रंगवली. देव्हाऱ्यातली तसबीर आणि टपालातलं कार्ड ही एकाच घरची भावंडं आहेत. तसबीर भिंतीवर राहिली म्हणून तिची पूजा झाली. कार्ड टपालातून पोचलं, वाचून झालं आणि बंबात गेलं.

जगात इतरत्र अशा कागदांचं काय झालं, हे बघणं उपयोगाचं आहे. अमेरिकेत १८८० च्या दशकात सिगारेटची मऊ पाकिटं चुरगळू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या तुकड्यावर चित्रं छापायला सुरुवात झाली, त्यात बेसबॉलपटू आले आणि पोरं मोठ्या माणसांकडे पाकिटातलं कार्ड मागू लागली. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं पाचशेहून जास्त चित्रांची एक मालिका काढली. तिच्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड फारच थोडं छापलं गेलं. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी मिकी मँटलचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आणि त्या १९५२ च्या मालिकेचा न खपलेला साठा? कंपनीनं तो १९६० मध्ये तराफ्यावर चढवून समुद्रात बुडवला. ती मालिका रचणाऱ्या साय बर्जर यांनीच हे पुढे सांगितलं. गोदामात जागा अडते, यापलीकडे त्या कागदाला तेव्हा किंमत नव्हती.

किमतींचे आकडे ऐकून डोळे फिरतात, पण मला त्या गोष्टीतला खरा माणूस वाटतो तो जेफरसन बर्डिक. हा न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा साधा माणूस. संधिवातानं त्याची बोटं वाकडी झाली होती. त्यानं तीन लाखांहून जास्त कार्डं, लेबलं, जाहिरातीचे कागद जमवले आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. नुसते दिले नाहीत. तिथं वर्षानुवर्षं बसून आल्बमांत स्वतः लावले. १९६३ च्या जानेवारीत शेवटचं कार्ड लावलं आणि मार्चमध्ये तो गेला. त्याचं याहून मोठं काम म्हणजे त्याची यादी. कोणती मालिका, कोणाची, कशाबरोबर मिळायची, हे त्यानं लावून दिलं आणि प्रत्येकीला खूण दिली. ज्या मालिकेत वॅग्नर आहे, तिला आज सगळं जग 'टी २०६' म्हणतं. ते नाव कंपनीनं दिलेलं नाही, बर्डिकच्या यादीनं दिलेलं आहे. आणि त्या कार्डांची परीक्षा आजही पाठीवरून होते: मागे पिडमाँटची जाहिरात आहे, स्वीट कॅपोरलची आहे, की एखाद्या दुर्मीळ सिगारेटची, यावर त्यांचं मोल ठरतं. चित्र तेच, पाठ वेगळी.

मँटलच्या कार्डाचं १९५२ हे साल वाचलं की मला सांगली आठवते. १९५२ च्या फेब्रुवारीत भारतानं मद्रासला इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. कप्तान होते विजय हजारे, जन्म सांगलीचा, १९१५ चा. त्याआधी १९४८ मध्ये ॲडलेडला त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं काढली होती. आपल्या पोरांनी अशा खेळाडूंची चित्रं वर्तमानपत्रातून कापली आणि जुन्या वहीत खळीनं चिकटवली. कात्रणवही हा आपला खरा कार्डसंग्रह. पुढे नव्वदीच्या दशकात बबलगमबरोबर क्रिकेटची कार्डं आली, कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं आली, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत अदलाबदल रंगली. पण कात्रणवहीत एक उणीव राहिली. कात्रणाच्या खाली वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख फार थोड्यांनी लिहिली.

ही उणीव मी दुसऱ्याला सांगावी असा माझा अधिकार नाही, कारण माझ्या हातून याहून वाईट घडलं आहे. कॉलेजात असताना वाईच्या एका जुन्या घरातून मला एक आल्बम मिळाला. जाड काळी पानं, त्यांवर खळीनं चिकटवलेली महाबळेश्वर-पाचगणीची अकरा कार्डं. मला ती सुटी हवी होती. मी पातेल्यात पाणी उकळलं, पानं वाफेवर धरली आणि कार्डं ओढून काढली. चित्रं छान निघाली. पाठी मात्र काळ्या पानांवर सालीसारख्या राहिल्या आणि ज्या सुटल्या त्यांच्यावरची शाई ओघळून गेली. मी चित्रं पुसून वाळवली आणि काळी पानं फेकून दिली. आपण काय फेकलं, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

कळलं ते एका दुसऱ्या कार्डामुळे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ढिगातून मिळालेलं, प्रतापगडाचं, अगदी सामान्य छपाईचं. मागे पेन्सिलीनं सहा ओळी मोडीत. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी त्या मला वाचून दाखवल्या. एका मुलानं सांगलीला काकांना लिहिलं होतं: तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार, घाटात टांग्याचं चाक निखळलं, चार तास वाटेत बसलो, इथं रात्री थंडी फार, येणाऱ्याबरोबर धाबळी पाठवावी, गड पाहिला, तो चित्रात दिसतो त्याहून मोठा आहे. ती शेवटची ओळ ऐकल्यावर मी पुन्हा कार्ड सुलटं केलं. गेली दोन वर्षं ते माझ्याकडे होतं आणि मला ते चित्र कधी दिसलंच नव्हतं.

त्यानंतर मी कार्डांची पाठ वाचायला शिकलो. काळ ठरवण्याच्या ज्या खुणा मला उपयोगी पडल्या, त्या इथं देतो. घरच्या पेटीतली कार्डं लावताना कोणालाही त्या वापरता येतील. तिकिटावर राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड की पाचवा जॉर्ज, हे आधी बघावं. मग तिकिटाची किंमत. कार्डाचा दर १९२२ पर्यंत पाव आणा होता, त्या वर्षी अर्धा आणा झाला, १९३१ च्या अखेरीस पाऊण आणा. तिकिटावर 'नये पैसे' असतील तर कार्ड १ एप्रिल १९५७ नंतर गेलं. प्रतापगडाच्या चित्रात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा असेल, तर चित्र ३० नोव्हेंबर १९५७ नंतरचं. त्या दिवशी पंडित नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. पत्त्यात 'दक्षिण सातारा' असेल तर फारच सोपं: तो जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पिनकोडच्या सहा चौकटी छापलेल्या असतील तर कार्ड १९७२ नंतरचं. यातली कोणतीही खूण चित्राच्या बाजूला मिळेलच असं नाही. बहुतेक सगळ्या मागे आहेत.

आणि जिथं तिकीट नाही, शिक्का नाही, कोरं न विकलेलं कार्ड आहे, तिथं नानांच्या वह्या कामाला आल्या. छापणारे कार्डावर साल घालत नसत, कारण साल घातलं की माल शिळा दिसतो. पण नानांनी माल आला तो दिवस लिहिला होता. 'नवा सूर्यास्त, २०० नग, रंग तांबूस' अशी ओळ सापडली आणि डब्यातलं एक कार्ड एका दिवसावर येऊन बसलं. कोणतं चित्र सीझनला किती खपलं हेही त्यात आहे. प्रतापगड दर वर्षी पहिला. चर्चचं कार्ड खपेना, म्हणून दोन सीझननंतर बंद. एका दुकानदारानं हिशेबासाठी लिहिलेल्या या ओळी आज आमच्या भागातल्या चित्रकार्डांच्या धंद्याचा पुरावा आहेत.

आमच्या मुलखाला जमवणाऱ्यांची परंपरा आहे, हे मी अभिमानानं सांगतो. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर कागद, चित्रं, बखरी मिळवल्या, १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' मासिक चालवलं आणि १९१६ मध्ये महाबळेश्वरावर इंग्रजीत सचित्र पुस्तक काढलं. मेणवलीचं नाना फडणिसांचं दप्तर उजेडात आलं ते त्यांच्यामुळे. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आणि आजही अभ्यासकांच्या हाताशी आहे. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं, तिथं रविवर्म्यांची मूळ चित्रं बघता येतात. या थोरांनी मोलाच्या वस्तू जपल्या. मी जपतोय ते पैशाचे कागद. पण त्या कागदांवर पेठेतल्या, टांग्यातल्या, धाबळी मागणाऱ्या माणसांचं जे आहे, ते दुसरीकडे कुठं लिहून ठेवलेलं नाही.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. आधी माल्कमपेठ आणि तलाव, मग पॉइंट, मग क्षेत्र महाबळेश्वर आणि पंचगंगेचं देऊळ, मग पाचगणी-वाई आणि त्यानंतर प्रतापगड. डाव्या पानावर पोट, उजव्या पानावर पाठ. खाली कागद, छपाईची रीत, मजकूर, काळ आणि कार्ड मला कुठं मिळालं ते. काळाचा पुरावा आहे तिथं साल दिलं आहे, अंदाज आहे तिथं 'अंदाजे' लिहिलं आहे. खाजगी मजकुरातली नावं गाळली आहेत. ज्यांनी आपल्या ट्रंका माझ्यासमोर उघडल्या, ज्या रद्दीवाल्यांनी 'तुमचं काही आलंय' म्हणून निरोप धाडले, ज्यांनी मोडी वाचून दिली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

वाईच्या आल्बममधली ती अकरा कार्डंही या पुस्तकात आहेत, सगळ्यांच्या शेवटी. त्यांची पोटं सुंदर आहेत. उजवी पानं जवळजवळ रिकामी आहेत. एका पाठीवर एकच शब्द वाचता येतो: 'पोचलो'. कोण पोचलं, कधी, कोणाला कळवत होतं, हे माझ्या हातानं पुसलं गेलं. ती पानं गाळावीत असं मला सुचवण्यात आलं होतं. मी गाळली नाहीत.

त्यांच्यानंतरची चार पानं नानांच्या वहीसारखी आखून कोरी सोडली आहेत: चित्र, तिकीट, शिक्का, मजकूर, कोणाकडून मिळालं. तुमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत, आजीच्या पोथीत खूण म्हणून, कपाटाच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली एखादं कार्ड नक्की असेल. ते मला पाठवू नका, विकायचीही घाई करू नका. ते उलटा, मागं काय आहे ते या पानावर उतरवून घ्या, आणि कार्ड होतं तिथंच ठेवा.

महाबळेश्वर, ज्येष्ठ अमावास्या